जाहिरातीत बाणेर, कागदावर सूस: फ्लॅट नक्की कुठल्या गावात आहे ते कसं शोधायचं

जाहिरातीत एरियाचं जे नाव असतं ते मार्केटिंगवाल्यांनी ठरवलेलं असतं, खरं नाव म्हणजे जमिनीच्या कागदावरचं 'मौजे', म्हणजे महसुली गाव. या दोन्हींत किती अंतर असू शकतं बघा. अप्पर ठाणे म्हणून जे विकलं जातं ती माणकोली-अंजूर बाजूची जमीन आहे, तालुका भिवंडी, खाडीच्या पलीकडे. न्यू कफ परेड म्हणजे वडाळा. पुण्यात एनआयबीएम अॅनेक्स म्हणजे महंमदवाडी, बाणेर अॅनेक्स म्हणजे सूस नाहीतर म्हाळुंगे, अप्पर खराडी म्हणजे वाघोलीकडचा भाग. या गावांत राहण्यात काहीच वाईट नाही, मी स्वतः सूसला राहतो आणि सुखात राहतो, पण मी भाव बाणेरचा मोजला होता आणि ते मला अजूनही सलतं.

माझ्या वेळी जाहिरातीत सरळ बाणेर लिहिलेलं होतं. साइट दाखवायला त्यांचीच गाडी आली, रविवारी सकाळी, रस्ते रिकामे, सेल्सवाला बोलत होता आणि हायवे कधी ओलांडला ते कळलंसुद्धा नाही. टोकन देऊन झालं, आणि महिन्याभराने अॅग्रीमेंटचा ड्राफ्ट आला त्यात पार शेवटी शेड्युलमध्ये, म्हणजे मिळकतीच्या वर्णनात, मौजे सूस, तालुका मुळशी. तेव्हा सूस पुणे मनपात नव्हतं, 30 जून 2021 ला 23 गावं आली त्यात ते आलं, तोपर्यंत ग्रामपंचायत आणि टँकर. त्यानंतर नात्यातल्या आणि ऑफिसमधल्या इतक्या लोकांना हे शोधून दिलंय की आता पद्धत पक्की बसलीये.

सगळ्यात आधी जाहिरात सेव्ह करा. होर्डिंगचा फोटो, वेबसाइटचा तारखेसकट स्क्रीनशॉट, व्हॉट्सअॅपवर आलेलं ब्रोशर, सगळं. का ते शेवटी सांगतो.

मग महारेरा नंबर, म्हणजे राज्याच्या रिअल इस्टेट प्राधिकरणाकडचा प्रोजेक्टचा नोंदणी क्रमांक. जाहिरातीत नंबर देणं कायद्याने बंधनकारक आहे आणि 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडही लागतो, मोठ्या प्रोजेक्टच्या जाहिरातीत दोन्ही नसेल तर पुढे जाऊच नका. जुन्या साच्याच्या नंबरात 'पी' नंतरचे तीन आकडे जिल्हा सांगतात: 517 ठाणे, 518 मुंबई उपनगर, 519 मुंबई शहर, 520 रायगड, 521 पुणे. हे 2011 च्या जनगणनेतले जिल्ह्यांचे कोड आहेत. पालघर जिल्हा झाला 2014 मध्ये, म्हणून त्याचा 990 असा वेगळाच. म्हणजे जाहिरातीत 'मुंबई' आणि नंबर 520 ने सुरू होत असेल तर फ्लॅट रायगड जिल्ह्यात आहे, संपला विषय. नंबर या साच्यातला नसेल तर आकड्यांवरून अंदाज लावत बसू नका, सरळ प्रोजेक्टचं पान उघडा.

आता खरी गोची, गाव शोधणं. इथे लोक हमखास दोन सल्ले देतात आणि दोन्ही कामाचे नाहीत. एक म्हणजे 'गूगल मॅपवर बघ ना'. अरे, प्रोजेक्टचं नाव आणि पत्ता मॅपवर बहुतेक वेळा बिल्डरच्याच माणसांनी टाकलेला असतो, त्यात पण तेच जाहिरातीतलं नाव असणार. दुसरा म्हणजे पिनकोड. पिनकोड पोस्टाच्या सोयीसाठी असतो, हद्दीशी त्याचा संबंध नाही, 411021 हा एकच पिन पाषाणला चालतो, बावधनला चालतो आणि सूसलाही चालतो.

महारेराच्या पानावर जिल्हा, तालुका, गाव आणि सर्व्हे नंबर असे रकाने असतात. मी पहिल्यांदा दुसऱ्यासाठी शोधत होतो तेव्हा गावाचा रकाना वाचला आणि खूश होऊन थांबलो, आणि तिथेच चुकलो, कारण ही माहिती बिल्डर स्वतः भरतो. कधी गावाच्या जागी नुसतं शहराचं नाव असतं, पत्त्याच्या ओळीत तर जाहिरातीतलंच नाव परत आलेलं असतं. म्हणून त्याच पानावर अपलोड केलेले दोन कागद उघडायचेच: वकिलाचा टायटल रिपोर्ट (जमिनीच्या मालकीचा अहवाल) आणि सीसी, म्हणजे कमेन्समेंट सर्टिफिकेट, बांधकाम सुरू करायची परवानगी. टायटल रिपोर्टमध्ये गट किंवा सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, मौजे, तालुका अक्षरन् अक्षर लिहिलेलं असतं. सीसीवर परवानगी कोणी दिली ते बघायचं, आणि माझ्या मते अख्ख्या शोधातली सगळ्यात बोलकी ओळ हीच. 'ठाणे' म्हणताय आणि सीसी ठाणे मनपाऐवजी एमएमआरडीएची (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आहे, 'पुणे' म्हणताय आणि सीसी पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आहे, तर परवानगी दिली तेव्हा ती जमीन मनपाच्या नियोजनात नव्हती. घोडबंदर रोडचंही तेच, रस्त्याचं नाव एकच पण घोडबंदर गाव ठाणे मनपात नाही, मिरा-भाईंदरमध्ये आहे.

मौजे वाचताना पूर्ण नाव वाचा, खुर्द आणि बुद्रुक सोडू नका. मी एकदा घाईत नुसतं 'बावधन' वाचलं आणि मनपा म्हणून सांगून टाकलं, ते निघालं बावधन बुद्रुक, तेव्हा हद्दीबाहेर, मनपात होतं ते बावधन खुर्द. ज्याला सांगितलं त्याने माझ्यावर विश्वास ठेवून टोकन दिलेलं होतं, ते आठवलं की अजून वाईट वाटतं. वडगाव तर आणखी अवघड, खुर्द, बुद्रुक आणि शेरी तिन्ही पुण्यात आहेत आणि शेरी पार दुसऱ्या टोकाला.

गाव आणि गट नंबर हातात आला की महाभूलेख या सरकारी साइटवर सातबारा काढा (जुन्या शहरी भागात प्रॉपर्टी कार्ड) आणि महाभूनकाशा या जमिनीच्या नकाशांच्या सरकारी साइटवर तोच गट टाकून शेजारचे गट बघा. महारेराच्या पानावर चतुःसीमा दिलेली असते, पूर्वेला काय पश्चिमेला काय, ती नकाशाशी जुळवायची. जुळत नसेल तर बिल्डरला लेखी विचारा, फोनवर मिळालेलं उत्तर धरू नका.

भाव तपासायला नोंदणी विभागाच्या साइटवरचा फ्री ई-सर्च वापरा. त्या मौजेत आधी झालेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सारांश, निघतात, त्यात मोबदला आणि क्षेत्रफळ दोन्ही असतं. सेल्सवाला बाणेरचे दर दाखवत असेल तर त्याच्यासमोर सूसचे चार-पाच इंडेक्स टू ठेवा, भावाचं बोलणं तिथून सुरू होतं. हे मला तेव्हा माहीत असतं तर बरेच पैसे वाचले असते.

साइट बघायला स्वतःच्या गाडीने, कामाच्या दिवशी, ऑफिसच्या वेळेला जा. तिथे राहणाऱ्यांना पाण्याचं विचारा.

बुकिंग फॉर्मवर पूर्ण मौजे, तालुका आणि गट नंबर लिहायला लावा, 'अॅग्रीमेंटमध्ये येईल' म्हणाले तर सही करू नका. आणि रजिस्टर्ड अॅग्रीमेंट व्हायच्या आधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घ्यायला रेरा कायद्याच्या कलम 13 ने मनाई आहे, कितीही ऑफर असली तरी द्यायचे नाहीत.

पैसे आधीच दिलेले असतील तर सेव्ह केलेली जाहिरात काढा. रेरा कायदा 2016, कलम 12: जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे दिले आणि नुकसान झालं तर भरपाई मागता येते, व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर भरलेले सगळे पैसे व्याजासकट. आधी बिल्डरला ईमेल करा, सोबत जाहिरात आणि टायटल रिपोर्टचं ते पान जोडा, उत्तर नाही आलं तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार. जाहिरातीचा पुरावा नसेल तर बिल्डर म्हणणार आम्ही असं कधी लिहिलंच नव्हतं, आणि माझ्या केसमध्ये नेमकं तेच झालं, होर्डिंग उतरलेलं होतं आणि माझ्याकडे एकही फोटो नव्हता.