फोमची रिमोट विमाने : टेबलावरच होणाऱ्या या चुका टाळा

मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवरच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटजवळच्या खेळण्यांच्या दुकानांत रिमोटवर उडणारी फोमची विमाने आता सहज मिळतात. दोन छोट्या मोटारी, ३.७ व्होल्टची एक बॅटरी आणि तळहातात मावणारा रिमोट असा त्यांचा संच असतो. हौसेने आणलेले विमान पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा आपटते, चिकटवले जाते, पुन्हा आपटते आणि शेवटी माळ्यावर जाते. आणणाऱ्याला वाटते, की आपल्याला उडवणे जमले नाही. गेली काही वर्षे अशी विमाने स्वतः उडवताना आणि इतरांची दुरुस्त करून देताना माझी खात्री झाली आहे, की यांतले बहुतेक अपघात घरातल्या टेबलावरच ठरलेले असतात. कुठे शेपटीला आठ ग्रॅम डिंक जास्त झालेला असतो, तर कुठे बॅटरी एक सेंटिमीटर मागे सरकलेली असते.

जागेची चूक आधी

टेबलाकडे वळण्यापूर्वी जागेविषयी सांगणे भाग आहे, कारण ही चूक केवळ विमानापुरती राहत नाही. ड्रोन नियम, २०२१ नुसार मानवरहित विमानांसाठी देशाचे आकाश लाल, पिवळ्या आणि हिरव्या क्षेत्रांत विभागलेले असून लाल व पिवळ्या क्षेत्रांत पूर्वपरवानगीशिवाय उडवता येत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासून २०० फुटांच्या वरचे आकाश पिवळ्या क्षेत्रात येते. सांताक्रूझचा विमानतळ, जुहूची हेलिकॉप्टरची धावपट्टी, तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र, कुलाब्याचा नौदलाचा परिसर आणि आता उलव्याजवळचा नवी मुंबईचा विमानतळ एवढे डोळ्यांसमोर आणले, तरी शहरात मोकळी जागा किती थोडी उरते हे लक्षात येते. शिवाय मुंबई पोलीस वेळोवेळी आदेश काढून ड्रोन, पॅराग्लायडर आणि रिमोटवर चालणाऱ्या हलक्या विमानांवर शहरात बंदी घालतात. जुहूची चौपाटी संध्याकाळी कितीही मोकळी दिसली, तरी तिथे विमान काढू नये. आम्ही रविवारी पहाटेची कर्जत लोकल धरतो आणि भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतात, मालकाला विचारून, उडवतो. निघण्याआधी ती जागा ड्रोनसाठीच्या सरकारी डिजिटल स्काय संकेतस्थळाच्या नकाशावर तपासून घेतो.

तोल आणि वजन

सर्वांत जास्त विमाने ज्या चुकीने पडतात ती ही, आणि म्हणून इथे थोडे थांबावे लागेल.

प्रत्येक विमान एका ठरावीक बिंदूवर तोलले जाते. साध्या, सरळ पंखाच्या विमानात हा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण २५ ते ३० टक्के अंतरावर हवा. पंख ९ सेंटिमीटर रुंद असेल, तर हे अंतर सव्वादोन ते पावणेतीन सेंटिमीटर येते. बॅटरी बसवून, सर्व भाग जोडून, विमान या ठिकाणी दोन बोटांच्या टोकांवर धरावे. नाक किंचित खाली झुकले तर चालेल, शेपटी खाली गेली तर ते विमान त्या दिवशी उडवू नये. नाक जड असलेले विमान सुस्त उडते, पण ताब्यात राहते. शेपटी जड असलेले विमान हातातून सुटताच नाक वर करते, वेग गमावते आणि सावरायला अवधी न देता एका बाजूला कोसळते. लढाऊ विमानांच्या आकाराची, मागे झुकलेल्या त्रिकोणी पंखांची जी विमाने मिळतात, त्यांना हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही. त्यांच्या पोटावर किंवा माहितीपत्रकात दिलेली खूणच प्रमाण मानावी.

आता दुरुस्तीचा परिणाम पाहू. शेपटी गुरुत्वमध्यापासून ३० सेंटिमीटर मागे आणि नाक १० सेंटिमीटर पुढे आहे असे समजा. शेपटीवर एक ग्रॅम वाढला, तर तो तोलण्यासाठी नाकात तीन ग्रॅम घालावे लागतात. माझ्या भाच्याने एकदा तुटलेल्या शेपटीला ग्लू गनने दोन्ही बाजूंनी भरघोस डिंक लावला आणि वर चिकटपट्टीचे चार वेढे दिले. काट्यावर ती भर आठ ग्रॅम निघाली. तोल साधण्यासाठी त्याने नाकात २४ ग्रॅमची शिशाची पट्टी बसवली, आणि ८० ग्रॅमचे विमान ११२ ग्रॅमचे झाले. तोल अचूक होता, तरी विमान उडेना, कारण पंख तेवढेच राहिले होते.

हवेत टिकून राहण्यासाठी लागणारा किमान वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. वजन दीडपट झाले, तर हा वेग सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो. वाचताना हा आकडा लहान वाटतो, पण छोट्या मोटारींच्या विमानात तेवढा राखीव जोर बहुधा नसतोच. म्हणून स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा हे या छंदातले माझ्या मते पहिले हत्यार आहे; सोल्डरिंग आयर्न त्यानंतर घ्यावे. शेपटी तुटली तर डिंकाचा पातळ थर देऊन दाबून धरावी आणि मजबुतीसाठी पतंगाच्या कामटीचा बारीक तुकडा फोममध्ये चीर पाडून बसवावा. कामटी एका ग्रॅमच्या आत बसते आणि वाकण्याला चांगला विरोध करते.

डिंकाची निवड

फोम म्हणजे एकच पदार्थ, हा समज महाग पडतो. पॅकिंगमध्ये येणारा, दाबला की चुरचुरणारा आणि दाण्यादाण्यांनी तुटणारा थर्मोकोल फेविक्विक लागताच विरघळतो आणि जोडायच्या जागी खड्डा पडतो. तयार विमानांत बहुधा वापरला जाणारा लवचीक ईपीपी किंवा ईपीओ फोम फेविक्विक सहन करतो. ओळख पटत नसेल, तर बॅटरीच्या खाचेत, न दिसणाऱ्या जागी, एक थेंब लावून दोन मिनिटे थांबावे. पांढरा फेविकोल फोमला अपाय करत नाही, परंतु दोन फोमच्या मध्ये त्याला हवा मिळत नसल्याने तो आतून फार उशिरा वाळतो. रात्री चिकटवलेला पंख सकाळी सुटतो तो यामुळेच. ग्लू गनचा डिंक झटपट धरतो, मात्र तो जड असतो, आणि मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या विमानाचे सांधे त्यामुळे मऊ पडतात.

चेपलेले नाक चाकूने तासून नवा तुकडा बसवण्याची घाई करू नये. ईपीओ किंवा ईपीपी फोम उकळत्या पाण्याच्या वाफेवर काही सेकंद धरला, की दबलेले दाणे पुन्हा फुगतात आणि आकार बराचसा परत येतो. मोटर आणि तारा आधी काढून ठेवाव्यात, आणि भांड्यावर हात धरताना वाफ लागू देऊ नये.

अधिक जोर, अधिक व्होल्ट

बदल करण्याची पहिली इच्छा बहुधा मोठ्या मोटरची किंवा मोठ्या बॅटरीची असते. लॅमिंग्टन रोडवर दोन्ही वस्तू मिळतात, त्यामुळे मोह आवरत नाही. या विमानांतल्या छोट्या ब्रश मोटारी आणि त्यांना चालवणारी सर्किटची पट्टी एका सेलसाठी, म्हणजे नाममात्र ३.७ आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टसाठी बनवलेली असते. तिला दोन सेलची ७.४ व्होल्टची बॅटरी लावली, तर पट्टी जळण्याची आणि वाचलीच तर मोटारींचे ब्रश थोड्याच वेळात झिजण्याची शक्यता फार मोठी असते. क्षमतेने दुप्पट बॅटरी लावणे तितके घातक नाही, तरी तीही जवळजवळ दुप्पट वजनाची असते, आणि वर सांगितलेला सगळा हिशेब पुन्हा उघडावा लागतो. उड्डाणाचा वेळ वाढवायचा असेल, तर मूळ मापाच्या दोन बॅटऱ्या आलटून पालटून वापराव्यात.

ब्रशलेस मोटर बसवायची असल्यास तिच्यासोबत योग्य अँपिअरचा स्पीड कंट्रोलर, स्वतंत्र रिसीव्हर (रिमोटचे संदेश घेणारा भाग) आणि सर्व्हो (शेपटी-पंखांचे भाग वळवणाऱ्या छोट्या मोटारी) हा पूर्ण संच नव्या विमानात बसवणे शहाणपणाचे ठरते. सर्व्हो शेपटीत न बसवता गुरुत्वमध्याजवळ बसवावेत आणि शेपटीपर्यंत बारीक तार न्यावी. प्रोपेलरवर छापलेले आकडे उड्डाणाच्या दिशेला, म्हणजे पुढे, यायला हवेत. उलटा बसवलेला प्रोपेलरही विमान ओढतो, परंतु बराच जोर वाया जातो, आणि मालक बिचारा मोटरला दोष देत राहतो.

या विमानांतल्या लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर, बॅटरीबाबत हयगय मुळीच करू नये. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला, की तो कायमचा खराब होऊ शकतो, म्हणून विमान आठ मिनिटे उडत असेल तर सहाव्या मिनिटाला घड्याळाचा गजर लावावा आणि जोर असतानाच उतरवावे. उड्डाणानंतर गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये. ५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी अर्ध्या अँपिअरने चार्ज करावी. रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नये, फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये, आणि आठवडाभर ठेवायची असेल तर सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावी.

फेकून पाहण्याची परीक्षा

घरून निघताना सगळे तपासले असले, तरी मोटर चालू करण्यापूर्वी उंच गवतावर विमान मोटरशिवाय, समोरच्या वाऱ्यात, खांद्याच्या उंचीवरून सरळ सोडून पाहावे. अनेक जण ते दगडासारखे वर भिरकावतात; हात सरळ पुढे न्यावा आणि नाक क्षितिजाच्या रेषेत ठेवावे. विमान लांब, सरळ घसरत जाऊन टेकले तर तोल बरोबर आहे. नाक वर, खाली, पुन्हा वर असे हेलकावे येत असतील तर शेपटी जड आहे किंवा एलेव्हेटर, म्हणजे शेपटीवरची वर-खाली वळणारी पट्टी, जास्त वर वळलेला आहे. थेट नाकावर गेले तर वजन पुढे आहे. दर वेळी एकाच बाजूला वळत असेल, तर पंखाला पीळ पडला आहे किंवा एक पंख जड आहे.

हीच खूण पुढे मोटर चालू असताना उपयोगी पडते. मोटर बंद असताना सरळ जाणारे विमान मोटर चालू करताच एका बाजूला ओढले जात असेल, तर पंखाला हात लावू नये. दोष मोटरच्या कोनात असतो. दोन मोटारींच्या विमानात एक मोटर मंदावलेली असू शकते. तिच्या दांड्यावर गुंडाळलेला केस किंवा दोरा पाहावा. संक्रांतीच्या दिवसांत मांजाचा तुकडा हमखास सापडतो. त्या दोन मोटारी परस्परविरुद्ध फिरणाऱ्या असतील, तर दुरुस्तीत त्यांचे प्रोपेलर अदलाबदल झाले नाहीत ना, हेही तपासावे. जोर दिल्यावर नाक उगीच वर जात असेल, तर एका मोटरच्या विमानात मोटरचा रोख दोन-तीन अंश खाली करावा. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कोणता उपाय लागू पडला हे कळत नाही.

रिमोट आधी चालू करावा आणि मग विमान. बंद करताना विमान आधी. जायरो, म्हणजे विमानाचा कल ओळखून ते सरळ ठेवणारा भाग, असलेले विमान चालू करताना सपाट जमिनीवर स्थिर ठेवावे. हातात हलत असताना चालू केले, तर जायरो त्या तिरप्या अवस्थेलाच सरळ समजू शकतो, आणि मग विमान स्वतःहून कलत राहते. रिसीव्हरची बारीक अँटेना आवरण नीट दिसावे म्हणून कापण्याची चूक मी पाहिली आहे, २.४ गिगाहर्ट्झसाठी टोकाचा उघडा ३१ मिलिमीटरचा भाग तेवढाच राहायला हवा.

वारा, आणि समोरून येणारे विमान

मुंबई आणि किनारपट्टीवर सकाळी हवा शांत असते. दुपारच्या सुमारास समुद्राकडून वारा सुरू होतो आणि संध्याकाळपर्यंत टिकतो. ताशी २० किलोमीटर वेगाने उडणारे हलके विमान तेवढ्याच वाऱ्यात जागच्या जागी तरंगते, आणि वाऱ्याबरोबर आपल्या पाठीमागे गेले तर परत येत नाही. म्हणून सूर्योदयानंतरचे दोन तास निवडावेत आणि विमान नेहमी वारा जिकडून येतो त्या बाजूला, आपल्या पुढे, ठेवावे. ऊन चढले, की घारी उंच घिरट्या घालू लागतात. त्या हलक्या विमानावर झेपावतात, आणि फोमपेक्षा त्यांच्या पंखांची काळजी जास्त करावी. घार दिसली की आम्ही उतरवतो.

विमान आपल्याकडे येऊ लागले, की डावे-उजवे उलटे भासते आणि नवशिका रिमोटची कांडी चुकीच्या बाजूला ओढतो. अशा वेळी विमानाचा जो पंख खाली झुकला असेल, त्याच बाजूला कांडी न्यावी, जणू त्या पंखाखाली टेकू देत आहोत. उंची झाडाच्या दुप्पट राखली, तर चूक सुधारायला अवधी मिळतो.

प्रत्येक दुरुस्तीनंतर मी विमान पुन्हा काट्यावर ठेवतो आणि पंखाखाली पेन्सिलीने तारीख, वजन आणि तोलाची जागा लिहितो. सध्याच्या विमानाखाली अशा नऊ नोंदी आहेत. पहिली ८४ ग्रॅमची, शेवटची ९१ ग्रॅमची. पाचव्या आणि सहाव्या नोंदीत १०३ ग्रॅम लिहिलेले आहेत, आणि त्या दोन रविवारी ते एकदाही नीट उडाले नव्हते. सातव्या नोंदीआधी मी शेपटीवरचा सगळा जुना डिंक खरवडून काढला.