आतड्यातल्या पिशव्या: या चुका टाळा

हिमोग्लोबिन कमी निघालं म्हणून काकांची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, झाली. रिपोर्टात शेवटी एक लांबलचक शब्द होता, डायव्हर्टिक्युलोसिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या भिंतीत पिशव्या होणं. काकूंनी कुठेतरी वाचलं की बिया आतड्यात अडकतात. त्या दिवसापासून घरातले तीळ, शेंगदाणे, पेरू, वांगी बंद. काका जेवायला बसले की चमच्याच्या टोकाने टोमॅटोच्या फोडीतल्या बिया उकरून ताटाच्या कडेला रांगेत लावायचे. दोन वर्षं हे चाललं आणि त्याची काहीच गरज नव्हती.

मोठ्या आतड्याच्या भिंतीत रक्तवाहिन्या जिथून शिरतात, तिथे स्नायूचा थर कच्चा असतो. आत दाब वाढला की चिरलेल्या टायरमधून ट्यूब डोकावावी तसं आतलं अस्तर त्या जागेतून बाहेर फुगतं. वाटाण्याएवढ्या या पिशव्या वयाबरोबर वाढतात आणि बहुतेकांना त्यांचा जन्मभर पत्ताही लागत नाही. म्हणजे नुसतं डायव्हर्टिक्युलोसिस, शेवटी ‘ओसिस’. पिशवीला सूज आली तर डायव्हर्टिक्युलायटिस, शेवटी ‘आयटिस’, आणि ती वेळ पिशव्या असलेल्या थोड्याच लोकांवर येते. या दोन शब्दांची गल्लत ही पहिली चूक. पुढच्या बऱ्याच चुका त्यातूनच होतात.

बियांचं म्हणाल तर अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांचा १८ वर्षं मागोवा घेतला गेला. २००८ साली निष्कर्ष आला: दाणे, मका, पॉपकॉर्न खाणाऱ्यांना सुजेचा धोका जास्त नव्हता. दाणे आणि पॉपकॉर्न भरपूर खाणाऱ्यांना तर उलट कमीच होता. तेव्हा भाकरीबरोबरची शेंगदाण्याची चटणी खुशाल खा.

चोथा, म्हणजे फायबर, मात्र खरंच उपयोगी पडतो. ज्वारीची भाकरी, उसळी, पालेभाज्या, सालासकट फळं असा दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा पोटात गेला तर सुजेची शक्यता कमी होते. झालेल्या पिशव्या त्याने जात नाहीत. चूक होते ती घाईत. आज मैद्याचा पाव आणि उद्यापासून तीन वाट्या मटकी, मग पोट फुगणारच. दोन-चार आठवडे घेऊन हळूहळू वाढवा. इसबगोल घेणार असाल तर पेलाभर पाण्यात घ्या आणि दिवसभरही पाणी पीत राहा. कोरडी फक्की मारून वर दोन घोट पाणी, हे नको.

गेल्या पावसाळ्यात काकांच्या पिशवीला खरोखरच सूज आली. ओटीपोटात डावीकडे सारखं दुखत होतं, अंगात ताप. काकू म्हणाल्या, “अहो, पोट साफ नाही झालं तुमचं, एरंडेल घ्या.” काकांनी घेतलं. रात्री कळा आणखी वाढल्या.

सुजेच्या काळात जुलाबाचं औषध किंवा एनिमा मनाने घेऊ नका, पोटही चोळू नका. तेव्हा भाकरी-उसळीचा आग्रहही नको. डॉक्टर सांगतील तसं एक-दोन दिवस पेज, वरणाचं पाणी, मग मऊ भात, आणि बरं वाटल्यावर पुन्हा चोथ्याकडे. निदान पक्कं होतं ते सीटी स्कॅनने. आशियाई लोकांत या पिशव्या उजव्या बाजूलाही बऱ्याचदा असतात. तिथे दुखलं की ॲपेंडिक्सचाच संशय येतो, म्हणून जुना रिपोर्ट सोबत न्या.

कपाटात उरलेल्या अँटिबायोटिकच्या पट्टीला हात लावू नका. स्वीडन आणि आइसलंडमध्ये ६२३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१२) गुंतागुंत नसलेली सूज अँटिबायोटिकशिवायही तितकीच बरी झाली. द्यायचं की नाही ते तपासून डॉक्टरच ठरवतील. गुडघ्यासाठी रोज आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेणाऱ्यांनी तेही सांगावं. या गोळ्यांनी पिशवी फुटण्याचा आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयासाठी चालू असलेली ॲस्पिरिन मात्र आपल्या मनाने थांबवू नये.

रक्ताबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज. न दुखता एकदम भांडंभर लालभडक रक्त पडलं की घरचे ‘मूळव्याध’ म्हणून मोकळे होतात. पिशवीतून होणारा रक्तस्राव असाच असतो. बऱ्याचदा तो आपोआप थांबतो, पण थांबेल या भरवशावर घरी बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. पोट लाकडासारखं कडक होणं, हुडहुडी भरून ताप, सतत उलट्या, यातलं काही झालं तरी तेच. लघवीतून हवेचे बुडबुडे येत असतील तर लाजून गप्प राहू नका. आतडं आणि मूत्राशय यांच्यात वाट तयार झाल्याची ती खूण असू शकते.

सूज उतरल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी बऱ्याच जणांना कोलोनोस्कोपी सांगतात, कारण स्कॅनमध्ये कॅन्सरही कधीकधी असाच दिसतो. बरं वाटलं की नेमकी हीच तारीख लोक चुकवतात. काकांची वेळेवर झाली, काही निघालं नाही. चटणी परत ताटात आली. टोमॅटोच्या बिया ते अजून काढतात. विचारलं तर म्हणतात, “आता सवय झालीय गं.”