मोठ्याचं उष्टं, धाकट्याचं बाळसं: गरोदरपणात आणि बाळ लहान असताना इन्फेक्शन कसं टाळायचं

दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा माझी मोठी लेक दोन वर्षांची होती, दिवसभर पाळणाघरात असायची आणि संध्याकाळी नाक गळत घरी यायची. तिच्या ताटलीत उरलेलं सगळं मीच संपवायचे, तिचा चमचा आधी माझ्या ओठाला लावून बघायचे गरम तर नाही ना, चोखणी खाली पडली की माझ्या तोंडात घालून साफ करून परत तिला द्यायचे. तिसऱ्या महिन्याच्या चेकअपला वजन, बीपी वगैरे झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "मोठीचं उष्टं खाता का हो?" मी हो म्हटलं, आणि मग त्यांनी पाच मिनिटं जे सांगितलं ते पहिल्या खेपेला मला कोणीच सांगितलं नव्हतं. म्हणून हे सगळं एका जागी लिहितेय, कारण आपण बाहेरच्या जंतूंना घाबरतो आणि बाळापर्यंत इन्फेक्शन बऱ्याचदा घरातल्याच मायेच्या माणसाकडून पोचतं.

डॉक्टर ज्या व्हायरसबद्दल सांगत होत्या त्याचं नाव सायटोमेगालोव्हायरस, थोडक्यात सीएमव्ही. लहान मुलांना तो होतो तेव्हा बहुतेक वेळा काहीच दिसत नाही, मूल मस्त खेळतं-जेवतं, पण त्याच्या लाळेतून आणि लघवीतून तो कित्येक महिने बाहेर पडत राहतो. आईला झाला तरी तिला फार तर थोडी कणकण येते. पण वारेतून पोटातल्या बाळापर्यंत गेला तर बाळाचं ऐकू येणं जाऊ शकतं, कधी मेंदूवरही परिणाम होतो, आणि कधीकधी जन्मल्यावर बाळ अगदी नॉर्मल दिसतं नि ऐकण्याचा प्रॉब्लेम नंतर कळतो. यावर लस अजून नाही, म्हणून सवय बदलणं एवढंच हातात आहे. उष्टं खायचं नाही, चमचा-पेला-ब्रश वेगळा, चोखणी पाण्याने धुवायची, पापा ओठांवर न घेता डोक्यावर घ्यायचा. मिठी मारायला काही हरकत नाही, भरपूर मारा, मोठ्याला आई तुटली असं वाटता कामा नये. आधी एकदा होऊन गेलाय म्हणून निर्धास्त राहू नका, तो परत उलटू शकतो किंवा त्याचा वेगळा प्रकार होऊ शकतो.

आता हात. डायपर बदलल्यावर, नाक पुसल्यावर, लाळेने ओली झालेली खेळणी उचलल्यावर, टॉयलेटहून आल्यावर, स्वयंपाकाला लागायच्या आधी, बाळाला घ्यायच्या आधी, साबण आणि वाहतं पाणी आणि पूर्ण 20 सेकंद. हे सगळ्यांना पाठ असतं पण सिंकपाशी उभं राहून बघा घरातले लोक कसे धुतात, तळवे एकमेकांवर घासले की झालं. अंगठा कोरडाच राहतो, बोटांची टोकं राहतात, अंगठीखाली साबण पोचतच नाही, आणि बाळाच्या तोंडाजवळ नेमकी बोटांची टोकंच जातात. अंगठी काढा, प्रत्येक अंगठा दुसऱ्या मुठीत धरून फिरवा, नखं तळव्यावर घासा. सॅनिटायझर प्रवासात ठीक आहे पण हात मळलेले असतील तर तो काम करत नाही आणि उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर त्याचा फारसा उपयोग होत नाही, तिथे साबणच.

बाळाचा विचार चालू असेल पण अजून दिवस गेले नसतील तर तुमच्याकडे एक मोठी संधी आहे. गोवर आणि रुबेलाची लस घेतली होती का, कांजिण्या होऊन गेल्यात का हे आत्ताच शोधून काढा, कागद सापडत नसेल तर रक्त तपासून कळतं. या लसी जिवंत पण कमजोर केलेल्या व्हायरसच्या असतात म्हणून गरोदरपणात देत नाहीत, आधीच घ्यायच्या आणि नंतर किमान एक महिना थांबायचं. रुबेला ऐकायला किरकोळ वाटतो, दोन-तीन दिवस पुरळ, हलका ताप. पण 1941 मध्ये ऑस्ट्रेलियातले डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे एकाएकी इतकी तान्ही बाळं जन्मतःच मोतीबिंदू घेऊन येतायत आणि त्यांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला होऊन गेलेला होता. पहिल्या 12 आठवड्यांत आईला रुबेला झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय यातलं काहीतरी बिघडण्याची शक्यता फार मोठी असते, आणि तो अख्खा धोका वेळेवर घेतलेल्या लसीने टळतो. गरोदर असताना कळलं की प्रतिकारशक्ती नाही, तर डिलिव्हरीनंतर लगेच घ्या, अंगावर पाजत असलात तरी चालते.

दिवस गेल्याचं कळलं की टेस्ट लवकरात लवकर करा. एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी, या तीन टेस्टचं नाव घेतलं की काही घरांत तोंडं वाकडी होतात, "आमच्याकडे कशाला हे" म्हणतात. त्यांना शांतपणे सांगा की ही टेस्ट सगळ्याच गरोदर बायकांची करतात, कोणावर संशय म्हणून नाही. आणि कळलं तर करता खूप येतं, उपचार नसतील तर एचआयव्ही आईकडून बाळाला जाण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते, व्यवस्थित उपचार घेतले तर ती 5 टक्क्यांच्याही खाली येते. सिफिलिस पेनिसिलिनने बरा होतो. हिपॅटायटिस बीचं असं आहे की मोठेपणी झाला तर बहुतेक लोक बरे होतात, पण जन्माच्या वेळी बाळाला लागला तर 10 पैकी जवळपास 9 बाळांत तो कायमचा मुक्काम करतो, म्हणून पहिली लस जन्मल्यापासून 24 तासांच्या आत मिळाली पाहिजे. हे डिलिव्हरीच्या गडबडीत राहून जातं, सोबत असलेल्या माणसाला आधीच सांगून ठेवा की लस दिली का हे विचारायचं काम तुझं. लघवीची तपासणीही टाळू नका, गरोदरपणात जळजळ-बिळजळ काही नसताना इन्फेक्शन असू शकतं आणि ते किडनीपर्यंत चढलं तर वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात.

गरोदरपणातल्या लसींबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय. धनुर्वाताची लस बहुतेकींना माहीत असते. त्याच्याच जोडीला डांग्या खोकल्याची असते, टीडॅप म्हणतात, ती साधारण 27 ते 36 व्या आठवड्यात घ्यायची आणि प्रत्येक गरोदरपणात नव्याने घ्यायची. का, तर आईच्या शरीरात तयार झालेली अँटीबॉडी वारेतून बाळाकडे जाते. बाळाची स्वतःची डांग्या खोकल्याची पहिली लस दीड-दोन महिन्यांनी असते आणि हा खोकला सगळ्यात जीवघेणा त्याच्या आधीच्या आठवड्यांत असतो, कारण इतकं लहान बाळ कधीकधी खोकतसुद्धा नाही, त्याचा श्वासच थांबतो. तेवढे आठवडे त्याच्याकडे आईने दिलेलं असतं तेवढंच. फ्लूचंही तसंच, फ्लूचं इंजेक्शन कुठल्याही महिन्यात चालतं (नाकात मारायचा स्प्रे नको, तो जिवंत लसीचा असतो), आणि बाळाला सहा महिन्यांपर्यंत स्वतःची फ्लूची लस देताच येत नाही. काही देशांत आता आरएसव्हीची (तान्ह्या बाळांच्या फुफ्फुसांना त्रास देणाऱ्या व्हायरसची) लसही शेवटच्या तिमाहीत देतात, तुमच्याकडे मिळते का ते डॉक्टरांना विचारा.

खाण्याचं थोडक्यात. दूध पाश्चराइज्ड किंवा नीट उकळलेलं, अंडं आणि मांस पूर्ण शिजलेलं, कच्च्या मांसाची सुरी आणि पाट वेगळा, फळं-भाज्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुतलेल्या. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतो, म्हणून फ्रीज 4 डिग्री किंवा त्याच्या खाली ठेवा आणि काल-परवाचं उरलेलं वाफ येईपर्यंत गरम करूनच खा. आईला यात साधा ताप आणि अंगदुखी एवढंच होतं पण बाळ जाऊ शकतं, तेव्हा गरोदरपणातला ताप कधीच अंगावर काढू नका.

मांजर असेल तर तिला घराबाहेर काढायची अजिबात गरज नाही. टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी जंतू मांजरीच्या विष्ठेतून पसरतो पण बाहेर पडल्यावर तो लगेच लागण करू शकत नाही, त्याला 1 ते 5 दिवस लागतात, म्हणून लिटर, म्हणजे मांजरीच्या शी-शूचा वाळूचा डबा, रोज साफ केलं पाहिजे आणि ते काम दुसऱ्या कोणीतरी केलं पाहिजे. कोणीच नसेल तर ग्लोव्हज घालून करा आणि मग हात धुवा. बागकामालाही ग्लोव्हज, माती मांजरांची आवडती जागा. आणि अर्धकच्च्या मांसातूनही हाच होतो.

डास जिथे आहेत तिथे मच्छरदाणी, फक्त रात्री नाही. मलेरियाचा डास रात्री चावतो, डेंग्यू आणि झिकाचा दिवसा, आणि बाळ दिवसाही झोपतं. झिकामुळे 2015 मध्ये ब्राझीलमध्ये खूप लहान डोक्याची बाळं जन्माला आली, हा व्हायरस शरीरसंबंधातूनही पसरतो, म्हणून नवरा अशा भागातून आला असेल तर गरोदरपणभर कंडोम वापरा. साठलेलं पाणी आठवड्यातून एकदा नुसतं ओतू नका, भांडं आतून घासा, कारण अंडी भिंतीला चिकटलेली असतात आणि सुकली तरी महिनोन्महिने टिकतात. डीईईटी असलेलं रिपेलंट, म्हणजे अंगाला लावायचं डास पळवणारं औषध, गरोदरपणात पाकिटावर लिहिल्याप्रमाणे वापरता येतं, पण दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला रिपेलंट लावू नका, त्याला जाळीच.

कांजिण्या, गोवर किंवा गालावर थप्पड मारल्यासारखं लाल पुरळ आलेल्या मुलाच्या जवळ तुम्ही बसलात, आणि नंतर कळलं, तर अंगावर काही उठायची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. कांजिण्यांसाठी 10 दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन, देता येतं. दवाखान्यात मात्र थेट वेटिंग रूममध्ये जाऊन बसू नका, आधी सांगा, गोवराचा व्हायरस माणूस निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्या खोलीच्या हवेत राहतो आणि तिथे बाकीच्याही गरोदर बायका असतात.

बाळ आलं की खरी परीक्षा पाहुण्यांची. माणसं प्रेमाने येतात, त्यांना अडवणं अवघड जातं आणि बाळंतिणीला तर फारच. आमच्याकडे हे काम नवऱ्याने घेतलं, दारातच सांगायचा, हात धुऊन या, आणि सर्दी-खोकला असेल तर पुढच्या आठवड्यात या, बाळ इथेच आहे. ओठावर तापाचे बारीक फोड आलेला माणूस तर बाळाच्या तोंडाजवळ नकोच, ती हर्पिस व्हायरसची लागण असते आणि नवजात बाळात ती मेंदूपर्यंत जाऊ शकते. मोठीला मी शिकवलं की बाळाच्या पावलांचा पापा घ्यायचा, हाताचा नाही कारण हात बाळ लगेच तोंडात घालतं, आणि आठवडाभरात ती येणाऱ्या प्रत्येकाला पावलं दाखवायला लागली. घरात किंवा बाळाच्या आसपास सिगरेट नको, धुराने न्यूमोनिया आणि कानाची इन्फेक्शन वाढतात.

नाळेवर काही लावायचं नाही, काहीही नाही, डॉक्टरांनी सांगितलेलं सोडून, कोरडी आणि उघडी ठेवा, आपोआप पडते. पहिलं चिकाचं दूध आवर्जून पाजा, सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको, तहान त्यातच भागते. काही कारणाने पावडरचं दूध द्यावं लागत असेल तर त्यात अपराधी वाटून घ्यायचं नाही, फक्त हे लक्षात ठेवा की डब्यातली पावडर निर्जंतुक नसते, पाणी उकळून 70 डिग्रीच्या खाली जायच्या आत त्यात पावडर घाला, मग थंड करून पाजा, बाटलीत उरलेलं फेकून द्या. एक वर्षाच्या आत मध थेंबभरही नको, बोटुलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते.

लसींचं वेळापत्रक घरात दिसेल अशा जागी लावा. साधी सर्दी असली तरी लस देता येते. तारीख चुकली तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते, जिथे थांबलं तिथून पुढे. वेळेआधी जन्मलेल्या बाळालाही जन्मतारखेवरूनच मोजून देतात.

आणि एवढं करूनही मूल आजारी पडतंच, ती तुमची चूक नाही. जुलाब लागले तर पाकिटातलं ओआरएस, नसेल तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात सपाट 6 लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ, अंदाजपंचे नाही, मीठ जास्त झालं तर अपाय होतो. घोट घोट द्या, दूध बंद करू नका, आणि झिंक डॉक्टरांना विचारून 10 ते 14 दिवस, जुलाब थांबले तरी. सर्दीला उरलेलं अँटिबायोटिक देऊ नका, व्हायरसवर ते चालत नाही.

खोकला असेल तर श्वास मोजायला शिका. बाळ शांत असताना किंवा झोपलेलं असताना झबलं वर करा, पोट वर-खाली होताना बघा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, तान्ह्या बाळाचा श्वास मध्येच भरभर मध्येच हळू असतो. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त, हा फास्ट श्वास, त्याच दिवशी दाखवा. छाती बरगडीखाली आत ओढली जात असेल, दूध ओढत नसेल, उठवूनही नीट उठत नसेल, फिट आली, सहा-आठ तास लघवी नाही, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 डिग्री सेल्सियस किंवा जास्त ताप असेल तर सकाळची वाट बघू नका, रात्री दोन वाजले असतील तरी निघा, आणि लसीचं कार्ड सोबत घ्या.