उबुंटू टाकल्यावर स्क्रीन काळी? पुन्हा इन्स्टॉल करू नका

उबुंटू या लिनक्सवर आधारलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमचं इन्स्टॉलेशन नीट झालं, पीसी रीस्टार्ट केला आणि समोर नुसता काळा पडदा. घाबरू नका, तुमची मेहनत वाया गेलेली नाही. आधी मॉनिटरची केबल मदरबोर्डऐवजी ग्राफिक्स कार्डलाच लावली आहे ना, ते बघा. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. लॉगिन मागणारी अक्षरं दिसली, तर लिनक्स चालू आहे, अडलंय ते फक्त चित्र.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर बहुतेक वेळा घोळ ड्रायव्हरचाच, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचाच असतो. पीसी सुरू होताना एस्केप (जुन्या बायोसच्या पीसीवर शिफ्ट) दाबून ग्रबचा, म्हणजे कोणती सिस्टिम सुरू करायची ते विचारणारा मेनू आणा. उबुंटूच्या ओळीवर ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ने (linux) सुरू होणाऱ्या ओळीत ‘क्वाएट स्प्लॅश’ (quiet splash) सापडेल. त्यापुढे एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ (nomodeset) हा शब्द इंग्रजीत, सलग, लहान अक्षरांत लिहा आणि एफ१० दाबा. चित्र ओबडधोबड दिसेल, पण दिसेल.

हा बदल त्या एका वेळेपुरताच टिकतो. म्हणून लगेच ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ या उबुंटूतल्या ॲपमध्ये जाऊन ‘रेकमेंडेड’ लिहिलेला ड्रायव्हर टाका. सिक्युअर बूट (पीसी सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असेल तर तेव्हा पासवर्ड ठरवायला सांगतात. तो कागदावर लिहून ठेवा! रीस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर ‘एनरोल मॉक’ (Enroll MOK) निवडून तोच द्यायचा असतो. ती पायरी चुकली, तर ड्रायव्हर असूनही चालत नाही.