सरकारी नोकरीत नव्याने लागलात? आधी युनिकोड पक्कं करा

इंदूरच्या एका सरकारी ऑफिसात मी सहायक ग्रेड-३ म्हणून लागलो, तेव्हा सीपीसीटी, म्हणजे मध्य प्रदेशची कॉम्प्युटर आणि टायपिंगची परीक्षा, पास होतो. इंग्रजीत मिनिटाला ३० शब्द, हिंदीत २०. पहिल्याच आठवड्यात कळलं की अडचण वेगाची नाहीच. आमची जुनी पत्रं कृतिदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. ती ई-ऑफिसच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर फाइली चालवायच्या सिस्टमच्या, नोटशीटवर पेस्ट केली की नुसता रोमन अक्षरांचा गुंता. शोधायला जावं तर एक शब्द सापडत नाही. म्हणून सांगतो, पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर देवनागरीच दिसेल अशा अक्षरांत, टाइप करा. कीबोर्डची मांडणी रेमिंग्टन असो वा इनस्क्रिप्ट. जुनं पत्र कन्व्हर्टरमधून काढलंत तर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासा, चुका तिथेच राहतात.

सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी मिशन कर्मयोगी मंजूर केलं. त्याच्या आयगॉट पोर्टलवरचे कोर्स मोबाइलवरही करता येतात. व्हिडिओ चालू ठेवून नुसतं प्रमाणपत्र काढणारे मी पाहिलेत. मला ते पटत नाही. नोटिंगचा, म्हणजे फाइलवर टिपण लिहिण्याचा, कोर्स केला की त्याच दिवशी एक खरी नोट तशी लिहून साहेबांना दाखवा.

आता जे कोर्समध्ये मिळालं नाही ते. रामबागेतल्या एक आजी पेन्शनसाठी तिसऱ्यांदा आल्या होत्या. दोनदा त्यांना एकच उत्तर मिळालं होतं: ‘सिस्टम घेत नाही.’ आमच्या सीनियर काकांनी चष्मा पुसला, समग्रचा (राज्याच्या कुटुंब ओळख क्रमांकाचा) कागद आणि आधार शेजारी शेजारी ठेवले. एकावर सुमन, दुसऱ्यावर सुमनबाई. दुरुस्ती नगर निगमच्या झोन ऑफिसात होते, हे त्यांनी मोठ्या अक्षरांत चिठ्ठीवर लिहून दिलं, सोबत कोणते कागद न्यायचे तेही. काकांना माऊस धरायला जड जायचं, पण कुठला कागद कुठे अडतो हे त्यांना पाठ होतं. मी त्यांना ई-ऑफिस शिकवलं, त्यांनी मला फाइल वाचायला शिकवली. अशा माणसाशेजारी खुर्ची मागून घ्या.

आपल्या मध्य प्रदेशात २०१० पासून ठरलेल्या मुदतीत सेवा देण्याचा लोकसेवा गॅरंटी कायदा आहे. मुदत चुकली तर जबाबदार अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० दंड होऊ शकतो. १८१ या सीएम हेल्पलाइनवरची तक्रार सुटली नाही तर एल-१ पासून एल-४ पर्यंत, म्हणजे एकेका वरच्या अधिकाऱ्याकडे, चढते. ती बंद करण्याआधी तक्रारदाराला स्वतः फोन लावा. काम झालंय का, एवढंच विचारा, आणि ‘नाही’ म्हणाले तर पुढचं नीट लिहून घ्या.