गुडघेबदल शस्त्रक्रियेनंतर: आधी पाय सरळ, मग गुडघा वाकवणे

गुडघ्याचा सांधा बदलून घरी आलेल्या रुग्णाला भेटायला येणारे बहुतेकजण ‘किती वाकतो?’ असे विचारतात. ‘पूर्ण सरळ होतो का?’ असे मात्र क्वचितच कोणी विचारते. वास्तविक पहिल्या काही आठवड्यांत दुसऱ्या प्रश्नाकडे अधिक लक्ष द्यायला हवे, कारण जो गुडघा थोडा वाकलेलाच राहून जातो, त्यावर उभे राहताना मांडीच्या पुढच्या स्नायूला क्षणभरही विसावा मिळत नाही, चाल लंगडी होते आणि हळूहळू कंबरही दुखू लागते.

हे बिघडते ते बहुधा मायेपोटी. रुग्णाला बरे वाटावे म्हणून घरातली माणसे गुडघ्याखाली उशी सरकवतात, आणि वाकलेल्या स्थितीत सांध्यावरचा ताण कमी होत असल्यामुळे खरोखरच बरे वाटते. पण रात्रभर तसेच झोपल्यास गुडघा त्याच स्थितीत आखडू लागतो. उशी ठेवायचीच असेल, तर टाचेखाली ठेवावी. गुडघ्याची मागची बाजू अधांतरी राहील अशा रीतीने टाचेखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन दहा-पंधरा मिनिटे पडून राहणे, आणि असे दिवसातून तीन-चार वेळा करणे, हा दिसायला सोपा असला तरी अत्यंत मोलाचा व्यायाम आहे. सुरुवातीला मांडीच्या मागे चांगलाच ताण जाणवतो, तो अपेक्षितच आहे.

घोट्याची हालचाल शस्त्रक्रियेच्या दिवसापासूनच सुरू करावी. जागे असताना दर तासाला पाऊल दहा-वीस वेळा वर-खाली केल्याने पोटरीतील रक्त वाहते राहते आणि गुठळी होण्याचा धोका कमी होतो; अर्थात डॉक्टरांनी दिलेली रक्त पातळ ठेवणारी औषधे त्यासोबत चालूच ठेवायची असतात. पाय लांब करून गुडघ्याच्या मागच्या भागाने गादी खाली दाबावी, मांडी आवळून पाच सेकंद थांबावे आणि सोडावे. दहा वेळा हे जमू लागले की दुसरा गुडघा वाकवून ठेवून शस्त्रक्रिया झालेला पाय सरळ ठेवत वीतभर वर उचलावा.

वाकवण्यासाठी पाठीवर पडून टाच गादीवरून नितंबाकडे सरकवत न्यावी. टाचेखाली प्लॅस्टिकची पिशवी ठेवल्यास घर्षण कमी होते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साधारण ९० अंश आणि पुढील दोन-अडीच महिन्यांत ११० अंशांच्या पुढे जाण्याचे ध्येय बहुतेक फिजिओथेरपिस्ट ठेवतात, कारण खुर्चीतून उठणे आणि जिना उतरणे याला एवढे वाकणे लागतेच. वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी घेतली, तर व्यायाम नीट होतो. नंतर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवावा. दुसऱ्या दिवशीही दुखणे आणि सूज वाढलेलीच राहिली, तर व्यायामाचे प्रमाण कमी करावे, मात्र व्यायाम बंद करू नये.

चालताना आधी टाच टेकवावी. जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी टाकावा, आणि वॉकर सुटून काठी आल्यावर ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरावी. घरातील पायपुसणी आणि सैल सतरंज्या उचलून ठेवाव्यात. भारतीय पद्धतीचे शौचालय असेल, तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची शस्त्रक्रियेपूर्वीच आणून ठेवणे शहाणपणाचे ठरते. मांडी घालणे आणि उकिडवे बसणे यांविषयी आपल्या शल्यचिकित्सकांचे म्हणणेच अंतिम मानावे. बहुतेकजण ते टाळायला सांगतात, त्यामुळे पूजा आणि जेवण खुर्चीवर बसून करण्याची सवय लावून घ्यावी.

तेलाने मालिश करण्याचा आग्रह ज्येष्ठांकडून होतो, पण जखम पूर्ण भरेपर्यंत तिच्याजवळ तेल नको, आणि पोटरी तर कोणाकडूनही रगडून घेऊ नये, कारण तिथे गुठळी असल्यास ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पोटरी अचानक सुजली किंवा दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. धाप लागली किंवा छातीत दुखले, तर तातडीने रुग्णालय गाठावे. जखमेतून स्राव येणे, लाली पसरत जाणे किंवा ताप येणे यांतही थांबू नये. याउलट सांध्यातून ‘टक’ असा आवाज येणे, व्रणाच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बधिर राहणे आणि काही महिने थोडी ऊब व सूज राहणे हे सामान्यतः काळजीचे नसते.

सहा आठवड्यांनंतरही गुडघा ९० अंशांपर्यंत वाकत नसेल किंवा सरळ होत नसेल, तर ‘हळूहळू होईल’ म्हणून वाट पाहू नये. वाकणे अडले असेल, तर भूल देऊन गुडघा वाकवून मोकळा करण्याचा उपाय साधारण पहिल्या तीन महिन्यांत अधिक चांगला लागू पडतो. पुढे आतील व्रणऊती घट्ट होत जाते आणि तोच उपाय अवघड होऊन बसतो.