ग्रँट वाचायचाय? मग जन्मापासून सुरू करू नका

अमेरिकन सिव्हिल वॉरचा, म्हणजे उत्तर विरुद्ध दक्षिण यादवीतला उत्तरेचा जनरल युलिसिस ग्रँट वाचायला घेतला की लोक १८२२, ओहायो, वडलांचा कातडी कमावायचा धंदा इथनं सुरू करतात आणि वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी यायच्या आत पुस्तक मिटतात, माझं पण दोनदा तेच झालं. त्यापेक्षा सरळ डिसेंबर १८५७ उघडा. सेंट लुईस शहर, माणूस पस्तिशीचा, आर्मी सोडून तीन वर्षं झालेली, शेतीत काही राम नाही, गावात जळाऊ लाकूड विकून घर चालतंय आणि ऐन नाताळच्या तोंडावर पठ्ठ्या सोन्याचं घड्याळ २२ डॉलरला गहाण टाकतो. याच माणसाच्या हातात मार्च १८६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकननी उत्तरेचं सगळं सैन्य दिलं! मग मधल्या सव्वासहा वर्षांत झालं काय, हा प्रश्न घेऊन वाचा, पानं आपोआप उलटतात.

नकाशा शेजारी पाहिजेच, आणि त्यात आधी नद्या शोधा. दक्षिणेचे दोन किल्ले, फोर्ट हेन्री टेनेसी नदीवर, डोनेल्सन कंबरलँडवर, दोन्ही फेब्रुवारी १८६२ मध्ये पडले आणि दक्षिणेत शिरायचे दोन जलमार्ग मोकळे झाले. व्हिक्सबर्गला तर बोट ठेवून वाचा. मिसिसिपी नदीच्या काठी उंचावर दक्षिणेच्या तोफा, समोरून जाणं म्हणजे मरण, मग याने फौज पलीकडच्या काठाने खाली चालवत नेली, एप्रिल १८६३ मध्ये रात्रीच्या अंधारात बोटी तोफांच्या पुढून काढल्या, खालच्या अंगाला नदी ओलांडली आणि शहर मागच्या बाजूने धरलं. ४७ दिवस वेढा, ४ जुलैला शरणागती.

हुद्द्यांमध्ये गोंधळ होतो, तर एवढंच लक्षात ठेवा की युद्धापुरत्या उभारलेल्या स्वयंसेवक फौजेतला हुद्दा वेगळा आणि रेग्युलर, म्हणजे कायमच्या आर्मीतला वेगळा. ग्रँट स्वयंसेवकांचा मेजर जनरल डोनेल्सननंतर झाला, रेग्युलरचा मात्र व्हिक्सबर्गनंतर. आणि ‘युलिसिस एस. ग्रँट’ या नावातल्या एसचा अर्थ शोधत बसू नका, वेस्ट पॉइंटच्या शिफारशीत झालेली ती चूक आहे, खरं नाव हायरम युलिसिस.

वाईट पानं गाळायची नाहीत हां. कोल्ड हार्बरच्या लढाईतला शेवटचा हल्ला त्याला स्वतःलाच जन्मभर खुपला, आणि डिसेंबर १८६२ मध्ये ज्यूंना आपल्या हद्दीतून हाकलायचा हुकूम काढला तो लिंकनला रद्द करावा लागला. दारूच्या किश्श्यांमध्ये मात्र फार अडकू नका, त्यातले निम्मे ऐकीव.

ॲपोमॅटॉक्स, म्हणजे दक्षिणेचा सेनापती ली जिथे ग्रँटला शरण आला ते गाव, सावकाश वाचा. ९ एप्रिल १८६५, ली कडक गणवेशात, कमरेला तलवार, आणि जिंकलेला ग्रँट चिखलाने माखलेले बूट आणि साध्या शिपायाचा कोट घालून. लीची माणसं उपाशी आहेत कळल्यावर त्याने २५,००० जणांचा शिधा द्यायला सांगितला, नांगरणीसाठी घोडे पण घरी नेऊ दिले.

मुंबईकरांनी फेब्रुवारी १८७९ चुकवू नका, जगप्रवासात तो इथे उतरला होता.

आत्मचरित्र सगळ्यात शेवटी. घशाचा कॅन्सर, पार्टनरच्या फसवणुकीत बुडालेला पैसा, अशात लिहून संपवलं आणि थोड्याच दिवसांत, २३ जुलै १८८५ ला गेला. फक्त त्यात राष्ट्राध्यक्षपदाची आठ वर्षं नाहीत, ती दुसरीकडून वाचावी लागतात.